शेवंताला तिळगूळ द्यायचा नाही

८ जानेवारी १९७५
पाचवीच्या वर्गावर साखरेचा आजार शिकवला. आमच्या हिचा पाय जाण्याआधी त्यातच कापावा लागला, तेव्हापासून पुस्तकं चाळून जे कळलं ते. 'गोड म्हणजे विष' असं तीनदा म्हणून घेतलं. एक कारटं म्हणतं, "तात्या, मग जिलबीवाल्याला पोलिसांत द्यायचं व्हय?" हशा.

शेजारच्या रखमाची शेवंता याच वर्गात. दिवाळीपासून रोज इन्सुलिनची सुई. आई बिड्या वळते, तीच सुई उकळून टोचते. डॉ. म्हणाले होते, सुई घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बरळणं. तेव्हा तोंडात साखर घालायची, लगेच. हे मुलांना सांगितलं नाही. एका वेळी एकच घास भरवावा. पुढच्या तासाला बघू.

१३ जाने.
उद्या संक्रांत. वर्गाकडून शपथ घेतली, शेवंताला कुणी तिळगूळ द्यायचा नाही. शेवंता स्वतःच म्हणाली, "मी मागितला तरी देऊ नगा गं." गुणाची पोर. आमच्या हिची फार आठवण आली.

१५ जाने.
लिहवत नाही.
सकाळी रखमाला बिड्या पोचवायची घाई. सुई दिली, भाकरी राहिली. शेवंता तशीच शाळेत. तिसऱ्या तासाला, मी दुसऱ्या वर्गावर असताना, घामानं चिंब, काहीबाही बरळायला लागली. सुमनच्या डब्यातला तिळगूळ उचलला. पोरींनी मूठ उघडून काढून घेतला. ओरबाडलं म्हणे तिनं, रडली. यांना वाटलं हट्ट करतेय. मग बाकाखाली कोसळली.
दवाखान्यात शिरेतून साखर चालू. शुद्ध नाही.
रखमा पायरीवर. "तात्या, भाकरी टाकायची इसरले की वो मी."
तिला पाणी आणून दिलं.

१६ जाने.
अजून शुद्ध नाही. डॉ. म्हणाले, फार वेळ गेला, मेंदूला इजा झाली असेल.
रखमाला सांगितलं, तुझी नव्हे, चूक माझी. मुलांना अर्धंच शिकवलं. "आन् हे तुमाला ठावं हुतं?"
हो म्हणालो. उठून आत गेली.

१७ जाने.
शेवंता तशीच.
उरलेलं सांगायला वर्गावर गेलो. शिरतोय तोच सुमन उभी राहिली. गालावर ओरखडे. "तात्या, लई मागत हुती. पर आमी न्हाय दिला." शाबासकीची वाट बघत होती.
खरं सांगावं तर ही पोर जन्मभर आपले हात बघत बसेल. न सांगावं तर दुसरं कुणी असंच...
"बस बाळ," म्हणालो.
बसेना. "तात्या, बरं केलं न्हवं आमी?"
चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.