कलमांना सावली

१६ मे, सकाळ

प्रिय ठकू,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद, धाकटीला पापा. तिला दात आले हे वाचून बरं वाटलं. आम्ही इथे ठीक आहोत. उन्हाचं मात्र विचारू नकोस, नळाच्या तोटीलाही हात लावता येत नाही. फोनवर तू विचारतेस, "बाबा, आई कुठेय?" आणि मी म्हणतो, "आत पडलीय." फोनवर तेवढंच जमतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी मोसंबीचं सांगतो. गेल्या वर्षी लावलेली कलमं गुडघ्याच्या वर आली होती. प्रत्येक कलमाचा डोळा तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं खुंटाला चीर देऊन भरलेला, तेव्हा त्यांचे लाड काय सांगू. ऊन वाढलं तशी पानं होडीसारखी वळायला लागली, खोडांची साल पश्चिमेच्या अंगानं तडकली. शेजारच्या गवंड्यानं उरलेला चुना दिला, तो कालवून खोडांना फासला. आई म्हणाली, "पांढरे मोजे घालून शाळेला निघालीत जणू." आळ्यांत वाळलं गवत पसरलं, खोडाला लागणार नाही असं. पाणी पहाटेच देतो. छाटणी नाही, खत नाही. वाढू नये, नुसतं तगावं. वरून हिरवी जाळी बांधली. मग गरम वारा सुटला आणि जाळी फाटली.

आता पुढचं नीट वाच. आईला झाडांचं सगळं आठवतं. कुठल्या कलमावर मावा पडला होता, कुठलं तिरकं वाढतंय, सगळं. स्वतः पाणी प्यायली की नाही, ते आठवत नाही. तिला तहानच लागत नाही. पेला पुढे केला की म्हणते, "आत्ताच तर प्यायले." आणि भर दुपारी बाहेर जाते. जाळी फाटली त्या दिवशी शोधत गेलो, तर सगळ्यात लहान कलमाजवळ बसलेली, उन्हाकडे पाठ करून, आपली सावली बरोबर त्याच्यावर धरून.

"अगं ऊठ, भाजशील."

"मी उठले तर हे भाजेल. तुम्ही पलीकडच्याजवळ बसा ना."

आणि मी बसलो, ठकू. दुसरं काही सुचेना.

त्यानंतर घरातल्या चादरी, पडदे, माझी जुनी धोतरं, सगळं काठ्यांना बांधलं. एखादं कलम जरी उघडं राहिलं तरी ती बाहेर. वारा सोडायचा, मी बांधायचो. परवा मी दाराला बाहेरून कडी घातली आणि बांधायला गेलो. तिनं दार वाजवलं, मग थांबली. वाटलं, झोपली असेल. मी पुढच्या अंगाला होतो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली स्टूल ठेवून मागच्या अंगानं उतरली. मागच्या कलमांपाशी सापडली तेव्हा अंग तापलेल्या तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. शेणखताच्या हातगाड्यात घालून रस्त्यापर्यंत आणली.

ती वाचलीय. मी दवाखान्याच्या बाकावरूनच लिहितोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे विसरणं वाढत जाणार आहे. पुन्हा ऊन लागलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

काल तिला सलाईन लावलेलं असताना मी घरी गेलो आणि कुदळ घेतली. झाडंच नसली तर ती कशासाठी बाहेर जाईल? एक उपटलं. मुळं ओली होती, जिवंत. मग लक्षात आलं, नसलेलं झाडही ती शोधेल, उन्हातच शोधेल. तेव्हा ते परत मातीत दाबलं. जगेलसं वाटत नाही.

परत आलो तेव्हा ती जागी होती. म्हणाली, "झाडांपाशी कोण आहे?" मी म्हटलं, "आहे कुणीतरी." तिनं हातातली सुई ओढायला घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एक थाप धड मारता आली नाही, हे तिला माहीत आहे.

म्हणून लिहितो. तू ये आणि तिला घेऊन जा. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माती नाही, आणि दोन जाणती माणसं आहेत पाणी पाजायला. नुसती पाऊस पडेपर्यंत ने, असं मी म्हणत नाही. काय म्हणतोय ते तुला कळलं असेल.

मलाही चल म्हणू नकोस. दवाखान्यातून थेट तुझ्याकडे नेलीस तर ती रडेल, भांडेल, आणि रोज तेच विचारेल, झाडांपाशी कोण आहे. तू सांग, बाबा आहेत. ती तुझा चेहरा निरखून बघेल. तेव्हा ते खरं असलं पाहिजे.

लवकर ये.

झाडांपाशी थांबणारे,
तुझे बाबा