हत्तीरोगाच्या ताटलीत म्हशीचं दूध

नागपूर

चि. सौ. कौशल्येस दादाचा सप्रेम जयभीम.

पोळ्याला आलेल्या तुझ्या पत्राचं उत्तर थंडी पडल्यावर लिहितो आहे, राग धरू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? रुपरावांचा खोकला? (त्यांना म्हणावं, बिडी सोडली असं नुसतं सांगायचं नसतं, सोडायची असते.) तू लिहिलंस, ‘दादा, एकटा काहून राहून राहिला गा? मौद्याले ये, मागची खोली तुझीच आहे.’ पण येऊ कसा? प्रयोगशाळा माझ्यावाचून अडते. पेन्शनीत निघालो तरी शोभा मॅडम सोडत नाहीत.

तिथे हत्तीरोगाची रक्तपरीक्षा चालते. एका ताटलीत बारीक खळगे असतात. त्यांच्या भिंतींना आधी रोगाचा अर्क चिकटवतात, मग उरलेली भिंत दुधानं झाकतात. मॅडमनी मला समजेल असं सांगितलं : पंगतीत रिकाम्या पाटांवर आपली माणसं बसवून ठेवली, की बिनबोलावलेला येऊन बसत नाही. मग रोग्याच्या रक्तालाच पिवळा रंग चढतो. याआधी त्यांनी अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं घालून पाहिलं, त्याचा फेसच झाला. जिलेटिन थंडीत गोठून बसलं. शेवटी साय काढलेल्या दुधाची पावडर पसंत पडली, आणि ती आणायचं काम माझ्याकडे आलं.

गांधीबागेच्या बाजारात पावडर मिळाली नाही. (मिळाली असती तरी मला ती पटली नव्हती. साय काढलेलं दूध आपण कुणापुढे ठेवतो का? कांता असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.) म्हणून मी नत्थू गवळ्याकडून म्हशीचं दूध आणलं, दाट, उकळून, आणि बाटलीत भरून ठेवलं. मॅडमना वाटलं, पावडरच कालवली आहे.

दुपारी सगळी ताटली पिवळी! दुधाचा ओशटपणा भिंतींना लागला, धुतल्यानं जाईना, रंग वाटेल तिथे बसला. निरोगी म्हणून मॅडमनी स्वतःचं रक्त घातलं होतं, तेही पिवळं. मी घाबरून त्यांच्या पायांकडे पाहिलं. (सूज नव्हती. चप्पल मात्र नवी होती.) त्या म्हणाल्या, “काका, हे काय करून ठेवलं? साय तरंगून राहिली ना यात!”

एकूण इकडे मी फार कामात आहे. येणं कठीण दिसतं.

तुझा दादा,
आनंदराव

ता. क. मॅडम रागावल्या नाहीत. “काका, आता आराम करा, बहिणीकडे जाऊन या,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणखी ता. क. त्या सोडत नाहीत असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. मीच जातो. पावडर आणतो हेही मीच म्हटलं होतं. तिथला फ्रिज दिवसभर घरघरतो, तेवढीच सोबत. आता तिथे जायला तोंड नाही, आणि घरात कांता गेल्यापासून आवाज म्हणून माझाच. मागची खोली अजून मोकळी आहे का? कांदे भरले असतील तर राहू देत, मी त्यांच्याशेजारी निजेन. पण दोन ओळी टाक गं. पोस्टमन दारावरून जाताना मी उगाच खाकरतो, म्हणजे घरात माणूस आहे हे त्याला कळावं. लवकर कळव.