दम धरून

ता. ४ जून
चि. चिमीस, अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, माझं सोडून. गर्भाशय खाली सरकलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझ्या दादालाही अजून धड सांगितलेलं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम दिलाय. मी रियाजासारखा मनापासून करते, छाती भरून दम धरते आणि जोर लावते, तरी उलट जडच वाटतं. शाळेत उभं राहून गाणं शिकवणं सुटेल की काय, या धास्तीने जेवण जात नाही. कोणाकडे बोलू नकोस. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी वहिनी

ता. ११ जून
ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

अगं बाई, दम धरून जोर कसला लावतेस! तान घ्यायची नाहीये तुला. त्याने सगळं खालीच ढकललं जातं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून एकदा तपासून घे. लाजू नकोस, त्यांचं ते रोजचं काम आहे. संध्याकाळ झाली की चेंडूवर बसल्यासारखं वाटतं, खोकला आला की पाय जुळवावे लागतात, हसायचीही चोरी होते, पण हे जिवावरचं नाही. माझं शिवणकाम जोरात चाललंय, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलीत. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी चिमी

ता. २९ ऑगस्ट
चि. चिमीस, अ. उ. आ.

तुझं ऐकलं. बाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. मी इतके दिवस उलटंच करत होते! आता श्वास सोडत सोडत आतून वर खेचते, मग पूर्ण सैल सोडते. सगळं जागेवर आलेलं नाही, पण जडपणा पुष्कळ कमी झालाय. काल अख्खा तास उभी राहून शिकवलं. दादाला सांगून टाकलं. आता व्यायामाच्या वेळी तो दाराबाहेर पहारेकऱ्यासारखा बसतो.

आता तुझं. चेंडूवर बसल्यासारखं वाटतं, हे मी तुला लिहिलंच नव्हतं गं. मला बाईंकडे धाडतेस आणि स्वतः मशीनवर बसून सोसतेस? वाईट वाटलं, रागही आला. येत्या दहा तारखेची तुझ्यासाठी वेळ घेतलीय. नाही म्हणालीस तर लोभ आटला समजेन.
तुझी वहिनी

ता. २ सप्टेंबर
ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

धाकट्याच्या जन्मापासून आहे. तो आता दाढी करतो. दम धरून जोर लावायची चूक मीही केली होती, आणि जडपणा वाढल्यावर व्यायामच सोडला. तुझं पत्र वाचून मशीन बंद केलं आणि पोटभर रडले.

दहा तारखेला येते. आत माझ्याजवळ बस. दादाला सांगितलंस तरी चालेल.
तुझी चिमी