तलावातली भवानी

माय,

तुले पुण्याहून जयभीम. बाबाचा गुडघा अजून दुखून राहिला का? उन्हाळी धान कापून झाला का?

माझी फिकर करू नको. खोली हवेशीर भेटली. आधी दोन घरांनी आडनाव ऐकूनच नाही म्हटलं. या मालकीणबाईनं फक्त विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं गं?" माझ्या तोंडून निघालं, "भवानी."

दीक्षा घेऊन आल्यावर आज्यानं घरची पितळेची भवानी गावच्या तलावात बुडवली, हे तूच सांगत होती ना? मग तिचंच नाव काऊन आलं?

बाई खुश झाली. दुसऱ्याच दिवशी तिनं पितळेची भवानी आणून माझ्या कोनाड्यात बसवली. बुद्धाचा फोटो बॅगेतच आहे.

आता रोज ड्युटीवरून आली का मूर्ती ओली दिसते. बाई आंघोळ घालत असंल, असं मी समजत होती. काल विचारलं, तर म्हणाली, "छे गं, तुमच्या देवीला मी परस्पर कशी हात लावेन?"

फोनवर बोललं तर बाईले ऐकू जाते, म्हणून लिहून राहिली.

माय, आपला तलाव आटला तर नाही ना?

तुझी पोरगी,
रंजिता