मेल्यासारखी मान टाक

प्रिय कातुमार,

तू मला तिकडे शोधत असशील. रागावलाही असशील, की ही बाई मेली तरी वेळेवर येत नाही. अरे, मी मेलेच नाही. आपली टोळी लढाई हरली आणि पेर्गामोनच्या राजाच्या सैनिकांनी आपल्या गाड्यांना वेढा घातला, तेव्हा कुणाच्या हाती जिवंत लागायचं नाही म्हणून तू आधी माझ्या बरगडीत तलवार खुपसलीस, मग स्वतःच्या गळ्यात. तुझं काम चोख झालं. माझं अर्धवट राहिलं.

त्यांनी जखम शिवली आणि मला विकलं. आता थेओमेदोन नावाच्या मूर्तिकाराकडे माती मळते. राजाला देवळात विजयाची आठवण हवी आहे, म्हणून हा आपल्या दोघांचीच मूर्ती घडवतोय. खरंच सांगते! तुझ्या जागी एक गवंडी उभा राहतो. त्याच्या केसांना चुन्याचं पाणी मीच लावते, तुला लावायचे तसं. तुझे केस कसे आयाळीसारखे उभे राहायचे. याचे मेले आडवेच पडतात. मग मी त्याच्या पायाशी कोसळते आणि थेओमेदोन खेकसतो, "अगं बये, मेल्यासारखी मान टाक! श्वास कसला घेतेस?" रोज मरते रे मी, तरी त्याचं समाधान होत नाही.

मूर्तीत तू मान वळवून शत्रूकडे बघतोयस, ताठ, देखणा. बघणारे म्हणतात, काय तो रुबाब! खोटं आहे. तू माझ्याकडे बघत होतास, रडत होतास, म्हणून तर हात हलला नि वार चुकला. मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल आपल्यातली एप्पा म्हातारी गेली. सारखी टोचायची मला, "जा की आता, नवरा ताटकळलाय तुझा. आपल्या बायका अशा बांधलेल्या जगतात होय?" स्वतः मात्र केस पिकेपर्यंत जगली. तिला आपल्या रीतीनं जाळायची परवानगी मिळाली आहे. चितेत टाकलेलं पत्र गेलेल्या माणसाला पोचतं असं आपल्यात मानतात ना, म्हणून हे लिहिलेली लाकडाची फळी तिच्या छातीवर ठेवणार आहे. कातुमार, त्या दिवशी माझ्या पोटात आपली लिता होती. मलाही ठाऊक नव्हतं. तुझी तलवार तिच्यापर्यंत पोचली नाही. ती मालकाची गुलाम आहे, बोलते त्यांचीच भाषा, पण हनुवटी तुझी आहे. तुझ्या मातीच्या पायाचा अंगठा धरून ती उभी राहायला शिकली. तिकडच्या मेजवानीत माझ्यासाठी मांस राखून ठेवू नकोस, जेवून घे. मी इतक्यात येत नाही.

तुझीच,
व्हिंदा