बुधवारवाल्याची डावी टाच

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११.२०

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून आयुष्याला दिशा आहे. (कॉलेज सोडलं तेव्हाही होती. गेटच्या बाहेरची.)

पेपरात बुधवारवाल्यावर लेखमाला सुरू झाली. पंचवीस वर्षांपूर्वी या गावात एका हिवाळ्यात चार खून झाले, चारही बुधवारी संध्याकाळी. खुनी अजून सापडलेला नाही. पुरावा एकच. चौथ्या घराच्या मागच्या पायरीचं सिमेंट ओलं होतं, त्यात डाव्या बुटाचा ठसा. आज पहिल्यांदा फोटो छापलाय. टाचेचा आतला कोपरा झिजून पार बसलेला. तज्ज्ञ म्हणतात, खुनी डाव्या पायाने लंगडत असावा.

तज्ज्ञ! मी बूटदुरुस्तीच्या दुकानात बसतो. (तात्पुरता. दुकान मामाचं आहे.) टाचांबद्दल मला विचारा.

मामा म्हणाला, ओंडका कललाय, खाली पाचर मार. ज्या ओंडक्यावर बुटाचा लोखंडी साचा बसवून आम्ही टाचा ठोकतो, तो. उद्या मारतो म्हणालो.

बुधवार, ५ मार्च

लायब्ररीत गेलो. ती होती. ती असतेच, तिची नोकरी आहे. पण आज जास्त होती.

बुधवारवाल्यावर २३ तारखेला, रविवारी, वाचनालयात बैठक आहे. कुणाचा काय तर्क असेल तो त्याने मांडायचा. ठरवलंय तिनेच. ते चौथं घर तिच्या मावशीचं. ती तेव्हा तीन वर्षांची होती. हे तिने पुस्तकांवर शिक्के मारता मारता सांगितलं, आवाज न बदलता. आई अजून बुधवारी मागचं दार उघडत नाही, म्हणाली.

मी मनात नोंद केली: हिला माझी गरज आहे.

मग म्हणाली, गावातले सगळे बूट कधी ना कधी तुमच्या दुकानात येतात, नाही का. म्हणजे माझ्या दुकानाचा विचार करते. घरी बसून करत असणार.

संकल्प: (१) २३ तारखेला खुन्याचं नाव जाहीर करणे. (२) त्याच दिवशी तिला पत्र देणे. (३) पाचर.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ३.१०

सापडला!! पाच दिवसांत. पोलिसांना पंचवीस वर्षं लागली, तीही पुरली नाहीत.

दातांचा डॉक्टर. तपकिरी बूट, डावी टाच, आतला कोपरा. फोटो शेजारी धरून पाहिला. अगदी तोच. हा माणूस रोज लायब्ररीत तासभर एकच मासिक वाचतो. पान उलटत नाही. मला पहिल्यापासून संशय होताच.

मामाला सांगितलं. मामा म्हणाला, अरे विद्वाना, तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. म्हणजे दातांचा नाद लहानपणापासूनच. हेही नोंदवलं.

मंगळवार, ११ मार्च

गाणं शिकवणाऱ्या मास्तरांचे काळे बूट आले. डावी टाच, आतला कोपरा.

दोघं असू शकत नाहीत. रात्रभर विचार केला (साडेनऊपर्यंत).

बुधवार, १२ मार्च

पोस्टमन. डावी टाच.

त्याला स्पष्ट विचारलं की पंचवीस वर्षांपूर्वी बुधवारी संध्याकाळी कुठे होतास. तो म्हणाला, पाळण्यात. मला उद्धटपणा सहन होत नाही. शब्दाने शब्द वाढला. त्याने आमची पत्रं फळीवर फेकली, मी त्याचा बूट. मामा मध्ये पडला, मलाच बोलला. तडकाफडकी राजीनामा दिला. एप्रन खुंटीला टांगून निघालो.

दुपारी १.३०. मामी म्हणाली, राजीनामा दिलास तो दिलास, जेवायला कशाला रुसतोस. परत गेलो. एप्रन तिथेच होता, म्हणून घातला.

शुक्रवार, १४ मार्च

आणखी चार. एकूण सात.

ही एकट्याची करामत नव्हे. टोळी आहे. इतकी साधी गोष्ट कुणालाच कशी सुचली नाही? कारण सगळे एका माणसाच्या मागे लागले. मी नाही लागलो.

शनिवार, १५ मार्च

अकरा. अकरावा बूट ठाण्यातल्या साहेबांचा. म्हणजे तपास पुढे का सरकला नाही तेही सुटलं.

खून चार, माणसं अकरा. एका खुनाला पावणेतीन माणसं. जमतं.

सर्व अकरा जोड्या जप्त करून माळ्यावर ठेवल्या. माझे बूट मी तपासले नाहीत. निर्दोष माणसाला गरज काय?

पाचर: वेळच मिळाला नाही.

रविवार, १६ मार्च

ती दुकानात आली!!! चपलेचा बंद तुटला होता. (निमित्त.) माळ्यावरच्या जोड्या दाखवल्या. तिने एकेक हातात घेतली, मागून पाहिली, बराच वेळ. मग विचारलं, इथे कधीच दुरुस्तीला न आलेला एखादा बूट आहे का, ताडून पाहायला.

मी हसलो. समजावून सांगितलं की इथे न आलेला बूट इथे कसा असेल. ती गप्प झाली. मी बोलायला लागलो की ती गप्प होते. असं फक्त एकाच कारणाने होतं.

मंगळवार, १८ मार्च

बूट परत मागायला गर्दी. दातांचा डॉक्टर स्लिपर घालून आला आणि म्हणाला, काही घाई नाही, सावकाश होऊ द्या. इतका शांत माणूस निष्पाप असूच शकत नाही. गाण्याचे मास्तर मात्र वरच्या पट्टीत ओरडले. मामा म्हणाला, तुझ्या आईला कळवतो. मी म्हणालो, कळव, तिला अभिमान वाटेल. मामाने कळवलं. आईचा फोन आला. तो विषय इथे लिहीत नाही.

शनिवार, २२ मार्च

पत्र पूर्ण. सहावा खर्डा. पहिल्या पाचांत भावना जास्त होत्या, सहाव्यात त्याहून जास्त. शेवटची ओळ: तुझ्यासाठी मी कुणाचाही जीव घेईन. वाचून मलाच काटा आला.

योजना अशी. फाइलीत वर अकरा जणांचा तक्ता, सर्वात खाली पत्र. भाषण संपलं, टाळ्या ओसरल्या, की फाइल तिच्या हातात. ती एकटीच वाचेल. पुढचं ठरलेलंच आहे.

रविवार, २३ मार्च. संध्याकाळी ७.४५

घाईत लिहितोय. रागात आहे.

आधी निवृत्त हवालदार बोलले. त्या हिवाळ्यात त्यांनी गावातला एकूण एक लंगडा माणूस तपासला होता. मग कुणीतरी चंद्राच्या कलांवर बोललं. मग मी. तक्ता लावला. अकरा नावं वाचली. सात जण समोरच बसले होते. टोळीचा म्होरक्या म्हणून दातांच्या डॉक्टरकडे बोट दाखवलं. तो तेव्हा तिच्यासाठी पाण्याचा ग्लास आणत होता. बोट दाखवल्यावरही सांडलं नाही. निगरगट्ट.

टाळ्या नाहीत. मग ती उठली. विचारलं, या अकराही जोड्यांच्या टाचा आधी कुणी बसवल्या होत्या. मी म्हणालो, आम्हीच, आणखी कोण बसवणार.

तिने वाकून स्वतःची चप्पल काढली आणि टेबलावर ठेवली. डावी टाच, आतला कोपरा. मग मामीने काढली. मग हवालदारांनी. मग रांगेने सगळ्यांनी. टेबलावर एकतीस पादत्राणं, एकतीस बसलेले कोपरे. मी म्हणालो, टोळी वाटली होती त्यापेक्षा मोठी आहे.

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. मामाकडे वळून हळू आवाजात विचारलं, तेव्हाही असंच होतं का.

मामा उभा राहिला. इतका वेळ डुलक्या घेत होता. म्हणाला, ताई, ओंडका कललेला आहे, माझ्या वडिलांपासून. दरवर्षी म्हणतो यंदा पाचर मारू. त्यावर ठोकलेली डावी टाच आतून झिजते. तेव्हा गावात तीन दुकानं होती. बाकी दोघांचे ओंडके सरळ होते.

हवालदार खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, पंचवीस वर्षं मी लंगडे शोधत बसलो.

माझ्या तक्त्याकडे कुणी पाहिलं नाही. खाली पडला होता, त्यावर कुणाची तरी चप्पल.

फाइल मात्र तिने घेतली. म्हणजे योजना चालू आहे.

सोमवार, २४ मार्च

उत्तर नाही. सावकाश वाचत असेल.

मंगळवार, २५ मार्च

दुकानात पोलीस. ओंडक्याचे फोटो काढले, कल मोजला आणि उचलून नेला. गेले तीन आठवडे पाचर न मारून पुरावा जपला कुणी? मी. कुणी म्हणालं का?

आजोबांची जुनी वहीही निघाली. गिऱ्हाइकाचं नाव, बुटाचं माप, टाच बसवल्याची तारीख. मामाने ठशाचा फोटो जवळ धरला, दूर धरला आणि म्हणाला, ही आठ महिने चाललेली टाच आहे. आठाचं माप. त्या हिशेबाने वही लावली. एकोणीस नावं उरली. मामाचं बोट एका नावावर थांबलं आणि बराच वेळ उचललं गेलं नाही. मग त्याने मामीला चहा टाकायला सांगितलं आणि साहेबांना म्हणाला, दार लावून घ्या.

मला बाहेर काढलं. फुटपाथवर उभा राहून विचार केला: तिने पत्र वाचलं असेल का?

बुधवार, २६ मार्च

तिने वाचलेलं नाही. तिने फाइल बैठकीतूनच थेट ठाण्यात नेऊन दिली, जशीच्या तशी. ठाण्यात वाचलं. चौघांनी.

साहेबांनी बोलावून विचारलं, कुणाचाही जीव घेईन म्हणजे नेमका कुणाचा. मी म्हणालो, ते प्रेमाने लिहिलंय. त्यांनी विचारलं, बुधवारी लिहिलं का. मी म्हणालो, शनिवारी. तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, माझे बूट कधी मिळतील.

ओंडका पुरावा क्रमांक एक. माझं पत्र पुरावा क्रमांक चौदा. वर जांभळा शिक्का, मजकुरावरच. निकाल लागेपर्यंत परत मिळणार नाही.

शनिवार, २९ मार्च

पेपरात फोटो. ती, मामा, साहेब. उजवीकडे एक कोपर आहे, ते माझं. एकाला चौकशीसाठी नेलंय, नाव दिलेलं नाही. मामा दोन दिवस जेवला नाही. म्हणतो, त्या माणसाच्या टाचा वडील ठोकायचे आणि खिळे मी हातात द्यायचो.

नवा ओंडका मी बसवला. पाणसळ लावून, चारही बाजूंनी तपासून. मामाने दोनदा हात फिरवून पाहिला. पाचरीचा संकल्प रद्द, कारण आता गरजच नाही.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी १०.३०

ती आली. मामाच्या पाया पडली. म्हणाली, गेल्या बुधवारी आईने मागचं दार उघडून भांडी बाहेर वाळत घातली. मामाने चष्मा काढून पुसला, मग न घालताच बसला.

मग माझ्याकडे वळली. म्हणाली, तू ते बूट गोळा केले नसतेस तर कुणाला कळलंच नसतं, मनापासून थँक्यू. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणणार होतो, पत्राचा मजकूर मला पाठ आहे. तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात तिने पिशवीतून तपकिरी बूट काढले. म्हणाली, माळ्यावरून परत आले ते तसेच आले, आता तरी टाचा बसवून दे, पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे. पत्रिका ठेवून गेली. पोस्टाने पाठवता आली असती. स्वतः आली, हे विसरून चालणार नाही.

दुपारी १२.१५

ठरवलं. याची डावी टाच अशी बसवायची की माणूस लग्नात लंगडत चालला पाहिजे. मामा जेवायला गेल्यावर बूट साच्यावर चढवला. हाताला अजून जुन्या ओंडक्याच्या कलाची सवय, म्हणून मुद्दाम उलट्या बाजूला तिरका धरला. पाच खिळे, दात-ओठ खाऊन.

१२.५०

मामाने येऊन बूट फळीवर ठेवला, मागून पाहिला, डोळ्यांजवळ नेला. म्हणाला, चाळीस वर्षांत या दुकानात इतकी सरळ टाच बसली नव्हती.