अनूचा पुढचा ब्रेक

बुध., ५ नोव्हें.
अनूनं जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज. एमआयडीसीच्या वळणावर समोरचा टेम्पो थांबला, हिनं पुढचा ब्रेक धरला, तर लिव्हर थेट मुठीला टेकलं. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबली. सौ.चा घास हातातच.
"उद्यापासून मी रिक्षानं जाते, पप्पा."
टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनला लागल्यापासून माझीच गाडी नेते. मीच शिकवलेली.

गुरु., ६
पुढच्या ब्रेकचा पाइप चिरलाय. मुठीजवळच्या टाकीत ब्रेकचं तेल तळाला. येताना नवा पाइप, तेल आणलं. सौ. म्हणे, गॅरेजला टाका की. या गाडीला दुसऱ्याचा पाना लागलेला नाही. कुणी शिकवलं नाही, खोलून खोलून शिकलो.
अनू शेअर रिक्षात, तिघींत चौथी.

शुक्र., ७
पाइप बसवला. गाडी डबल स्टँडवर, हँडल सरळ, सगळं पातळीत. मग पाइपात शिरलेली हवा काढणे. सौ. वर लिव्हर धरणार, मी खाली चाकाजवळचं हवा काढायचं निप्पल सोडणार. दाब. धर. मध्येच म्हणाली, भात लागतोय, आणि सोडून गेली. हवा परत आत.
पहिल्यापासून. शेवटी खाली बुडबुडा येईना, म्हणजे झालं. तरी लिव्हर मऊ. ओला टॉवेल पिळल्यासारखं.

शनि., ८
परत केलं. परत मऊ. सौ.ची बोटं दुखली, तरी उभी होती बिचारी.
संध्याकाळी लिव्हर दाबून मुठीला बांधलं, अनूनं कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या किनारीनं. राहिलेली हवा सावकाश वर चढते.

रवि., ९
सकाळी बघतो तर अनूनं अंगण धुवायला गाडी हलवलेली. साइड स्टँडवर, हँडल डावीकडे वळवून. डबल स्टँड तिला ओढवत नाही. तिरकी गाडी मला चालत नाही, किती वेळा सांगितलंय. चिडलो. "तुम्हाला गाडी सरळ दिसली की झालं," म्हणत आत गेली.
टाकीचं झाकण काढून किनार सोडली. तेलात बुडबुडा फुटला. झाकण लावून दाबलं. टणक. परत दाबलं. टणक.
उभा राहून विचार केला. गाडी सरळ असताना पाइपाचं वरचं टोक टाकीपेक्षा उंच. हवा तिथंच बसलेली. गाडी कलली, हँडल वळलं, टाकी वर आली, वाट मिळाली. माझी पातळीच आडवी येत होती.
गल्लीत चकरा मारल्या. जागच्या जागी थांबते.
जेवताना अनूला सांगितलं. "म्हणजे मीच नीट केली की," म्हणाली. व्हय म्हटलं. हसली. बऱ्याच दिवसांनी.
"मग उद्या नेतेस?"
"बघू, पप्पा."

सोम., १०
किल्ली खुंटीवर नाही.
गाडी मी दाराशी आणून ठेवली. साइड स्टँडवर, हँडल डावीकडे. अनू डब्याची पिशवी खांद्याला लावून गाडीपाशी उभी. लिव्हर दाबते, सोडते, परत दाबते. दोन बोटांनी, मी शिकवलं तसं. खिडकीतून बघत होतो, सौ.नं दंडाला धरून आत आणलं. म्हणाली, तिचं तिला ठरवू द्या.
म्हणून लिहीत बसलोय. कोपऱ्यावर शेअर रिक्षाचा हॉर्न झाला. परत झाला. गाडी अजून सुरू नाही– झाली. गाडीवरच गेली.